पाय ब्रेकवर आहे, याला पुरावा काय?



मागच्या व्याख्यानाच्या शेवटी आम्ही आजचा विषय जाहीर केला, तेव्हा पहिल्या दोन रांगांत खसखस पिकली होती. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरला लागणाऱ्या कुलपावर काय बोलणार? शंका रास्त आहे. आम्ही यंत्रशास्त्रातले नाही. पण या कुलपाशी आमची गाठ पडली ती फार जवळून. त्यानंतर गॅरेजमध्ये बसून, वाचून, चारचौघांना विचारून जे समजलं, ते तुमच्यापुढे ठेवतो आहोत. त्यात आमचा जुना विषय कुठे येतो ते ओघात कळेलच.

आधी प्रसंग सांगतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि मुलीनं हट्ट धरला, ‘बाबा, आता क्लच नको.’ म्हणून एक जुनी पण चांगली राखलेली ऑटोमॅटिक गाडी घरी आली. तीन-चार महिने बरे गेले. मग गॅरेजमध्ये तिचे ब्रेक पॅड बदलून घेतले. त्याच आठवड्यात, एका सकाळी, सोसायटीच्या पार्किंगमधून आम्ही गाडी मागे घेत होतो. वॉचमन मागे उभा राहून नेहमीसारखं सांगत होता, ‘येऊ द्या, येऊ द्या... बास!’ बास म्हटल्यावर आम्ही ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी मागे उसळली. आम्ही आणखी जोरात दाबला. ती आणखी उसळली. मागची भिंत लागली तेव्हा थांबली.

वॉचमन बाजूला उडी मारून वाचला. ज्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तो दिवसभर बसतो, तिचे मात्र भिंत आणि बंपर यांच्यामध्ये तुकडे झाले.

थरथरत खाली उतरलो आणि पहिलं वाक्य बोललो ते असं : ‘ब्रेक फेल झाले.’ दुसरं वाक्य फोनवर गॅरेजवाल्याला. ते इथे सांगण्यासारखं नाही, पण त्याचा मथितार्थ असा की तुझ्या हलगर्जीपणामुळे आज एक माणूस मेला असता. तो तासाभरात आला. आमचं सगळं निमूट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. तो प्रश्न थोड्या वेळानं सांगतो. तो समजायला आधी हे कुलूप समजायला हवं.

गिअरचा दांडा आणि त्याची चार घरं

ऑटोमॅटिक गाडीत बसलात की मधल्या दांड्यापाशी अक्षरं दिसतात : पी, आर, एन, डी. पी म्हणजे पार्क, आर रिव्हर्स, एन न्यूट्रल, डी ड्राइव्ह. गाडी उभी करून जाताना दांडा ‘पी’मध्ये ठेवायचा. त्या वेळी गिअरबॉक्सच्या आत एक साधी गोष्ट घडते. चाकांकडे फिरती ताकद नेणाऱ्या दांड्यावर एक दातेरी चक्र बसवलेलं असतं. दांडा ‘पी’मध्ये गेला की एक पोलादी खिट्टी त्याच्या दोन दातांच्या मध्ये पडते. चक्र अडलं, म्हणून चाकं अडली. विहिरीवरच्या रहाटाला खुंटी अडकवून दोर धरून ठेवावा तसंच.

आता मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक यांतला एक फरक नीट लक्षात घ्या, कारण सगळी गोम तिथे आहे. मॅन्युअल गाडीत शिकाऊ माणसानं घाबरून क्लच सोडला तर काय होतं? गाडी एक हिसका देते आणि इंजिन बंद पडतं. आपल्याला हसू येतं, मागचा हॉर्न वाजवतो, पण ते बंद पडणं ही एक राखण असते. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडलच नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये तेलानं भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिन नुसतं चालू असलं, तरी तेल फिरत राहतं आणि चाकांकडे थोडी ताकद जातच राहते. त्यामुळे दांडा ‘डी’ किंवा ‘आर’मध्ये असेल आणि ब्रेकवर पाय नसेल, तर गाडी आपणहून सरकू लागते. अॅक्सिलरेटरला हातही, म्हणजे पायही, लावावा लागत नाही.

आणि ‘पी’च्या शेजारचं घर कोणतं? ‘आर’. म्हणजे पुढे जायचं असलं तरी दांडा आधी रिव्हर्सच्या घरातून जातो. ‘पी’तून बाहेर पडण्याचा तो एक क्षण फार नाजूक असतो. त्या क्षणावर पहारा ठेवणारं कुलूप म्हणजे शिफ्ट लॉक.

कुलूप चालतं कसं?

दांड्याच्या बुडाशी एक छोटा अडसर असतो. दांडा ‘पी’मध्ये असताना तो अडसर खाचेत बसलेला असतो, त्यामुळे कितीही ओढलं तरी दांडा हलत नाही. अडसर काढायचं काम सोलेनॉइडचं. नाव भारी आहे, वस्तू साधी. तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं आणि त्याच्या आत सरकणारी लोखंडी कांडी. तारेतून वीज गेली की वेटोळ्याचं चुंबक होतं, कांडी ओढली जाते आणि अडसर सुटतो. वीज गेली की स्प्रिंग त्याला परत जागेवर नेते.

ही वीज सोडायची कुणी? इथे ब्रेक येतो. ब्रेकच्या पेडलच्या वरच्या टोकाला, पायाला न दिसणारं, एक छोटं बटण असतं. ते तर प्रत्येक गाडीत असतं, कारण त्याच्यामुळेच मागचे लाल दिवे लागतात. पेडल दाबलं की बटण बदलतं, दिवे लागतात, आणि ऑटोमॅटिक गाडीत हीच खबर गिअरच्या कुलपालाही जाते. किल्ली चालू आहे? दांडा ‘पी’मध्ये आहे? ब्रेक दाबला आहे? तिन्ही अटी जुळल्या की सोलेनॉइडला वीज मिळते, ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि दांडा सुटतो. शांत पार्किंगमध्ये काच वर करून बसलात तर पुष्कळ गाड्यांत हा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

बहुतेक रचनांमध्ये आणखी एक शहाणपण आहे. वीज नसताना कुलूप उघडं राहत नाही, बंद राहतं. बॅटरी उतरली, तार तुटली, बटण बिघडलं, तर गाडी जागची हलत नाही. आपली अडचण होते, पण अपघात होत नाही. बिघडायचंच असेल तर सुरक्षित बाजूला बिघड, असं त्या वस्तूला आधीच बजावलेलं असतं.

गोंधळ नको म्हणून कुलपं वेगवेगळी मोजून घेऊ. गिअरबॉक्समधली खिट्टी चाकांना धरते. शिफ्ट लॉक दांड्याला धरतं. किल्लीच्या गाड्यांत तिसरं कुलूप किल्लीला धरतं : दांडा ‘पी’मध्ये नेल्याशिवाय किल्ली निघतच नाही. चौथं स्टार्टरचं : दांडा ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये नसेल तर इंजिन सुरू होत नाही.

गॅरेजवाल्याचा प्रश्न

आता तो प्रश्न. सगळं ऐकून गॅरेजवाला म्हणाला, ‘सर, मागचे ब्रेकलाइट लागले होते का?’

आम्ही म्हणालो, ‘ते आम्हांला आत बसून कसं दिसणार?’ तेव्हा इतका वेळ गप्प उभा असलेला वॉचमन बोलला. ‘साहेब, पांढरी लाइट होती. लाल आधी होती, मग गेली. मी बास म्हटलं तेव्हा लाल लागलीच नाही.’

गॅरेजवाल्यानं आत बसून पेडल दाबलं. दोन्ही लाल दिवे झळकन लागले. त्यानं गाडी चालू केली, ब्रेक दाबून ‘पी’तून ‘आर’मध्ये घातली, दोन फूट मागे नेली, दाबला, गाडी जागच्या जागी उभी. पाच वेळा करून दाखवलं. एक शब्दही जास्त बोलला नाही, हे त्याचे उपकार.

म्हणजे झालं काय होतं? ‘पी’तून निघताना आमचा पाय ब्रेकवर होता. नाहीतर कुलपानं दांडा सोडलाच नसता. मग गाडी मागे सरकावी म्हणून आम्ही पाय उचलला. मान आणि कंबर मागे वळवून बसलो होतो. अंग वळलं की मांडीही थोडी फिरते आणि पाऊल उजवीकडे सरकतं. ‘बास’ ऐकून पाऊल खाली आलं ते अॅक्सिलरेटरवर. आणि गाडी थांबली नाही, तेव्हा आम्ही काय केलं? जो पाय ब्रेकवर आहे अशी आमची खात्री होती, तोच आणखी जोरानं दाबला.

मित्रहो, आम्ही खोटं बोलत नव्हतो. आजही डोळे मिटले तर आम्हांला ब्रेकवरचा पायच आठवतो. हीच आजच्या व्याख्यानाची खरी गाठ.

अमेरिकेतली ऑडी

असा अनुभव आलेले आम्ही पहिले नाही, हे मग वाचताना कळलं. १९८०च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० नावाची गाडी विकली जात असे. तिच्याबद्दल तक्रारी येऊ लागल्या. गाडी उभी असते, ‘पी’मधून काढली की अचानक सुसाट सुटते, चालक जीव तोडून ब्रेक दाबतो, तरी थांबत नाही. लोक जखमी झाले, मृत्यूही झाले. २३ नोव्हेंबर १९८६ रोजी सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या गाजलेल्या कार्यक्रमानं हा विषय घराघरांत नेला. त्यात एका गाडीचं पेडल आपोआप खाली जाताना दाखवलं होतं. ते दृश्य मिळवण्यासाठी गिअरबॉक्सला भोक पाडून बाहेरून दाबाखाली हवा सोडली होती, ही गोष्ट नंतर बाहेर आली. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं. १९८५मध्ये अमेरिकेत सुमारे ७४ हजार गाड्या विकणाऱ्या ऑडीची विक्री १९९१पर्यंत १२ हजारांच्या आसपास आली.

दोन बाजू पडल्या. एक म्हणे, यंत्रात दोष आहे, कंपनी लपवते आहे. दुसरी म्हणे, चालकाची चूक आहे, तो कबूल करत नाही. दोन्हीकडे एक गृहीत समान होतं : कुणीतरी खोटं बोलतं आहे.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्यानं मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या सरकारी संशोधन केंद्राकडून तपास करून घेतला. जानेवारी १९८९मध्ये अहवाल आला. जिथे अॅक्सिलरेटर अडकल्याचा किंवा ब्रेक बिघडल्याचा कोणताही पुरावा मिळाला नाही, तिथे सर्वांत संभाव्य कारण एकच : ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला गेला. उभ्या गाडीचे धडधाकट ब्रेक इंजिनच्या पूर्ण जोरालाही धरून ठेवतात, हे तपासून पाहिलं होतं. पण अहवालानं यंत्राला सरसकट निर्दोषही ठरवलं नाही. काही गाड्यांत इंजिनचा वेग स्थिर ठेवणारं उपकरण बिघडून गाडी हलकासा झटका देऊ शकत होती. त्या झटक्यानं माणूस दचकायचा आणि दचकून चुकीचं पेडल दाबायचा. पेडलांची जागा आणि ठेवणही चुकीला हातभार लावू शकत होती. यंत्राची एक छोटी खोड आणि माणसाची एक छोटी चूक, दोन्ही मिळून मोठा अनर्थ.

अहवालाची वाट न पाहता ऑडीनं जानेवारी १९८७मध्ये सुमारे अडीच लाख गाड्या परत बोलावून त्यांत शिफ्ट लॉक बसवायला घेतलं. इंजिनला हात लावला नाही. फक्त एवढंच केलं की ब्रेकवर पाय ठेवल्याशिवाय दांडा ‘पी’तून निघणार नाही. आणि तक्रारी ठळकपणे घटल्या.

यात एक तर्क दडलेला आहे बरं का. दोष निव्वळ इंजिनात असता, तर दांड्याला कुलूप लावून तो कमी का व्हावा? औषध लागू पडलं, यावरून रोगाचं निदानही बरंचसं पक्कं झालं.

कुलूप हे नैयायिक आहे

आता आमच्या घरच्या अंगणात येतो. ज्ञान खरं आहे हे आपल्याला कशावरून कळतं, यावर आपल्याकडे मीमांसक आणि नैयायिक यांचा शतकानुशतकं वाद चालला. मीमांसक म्हणतात, ज्ञानाचा खरेपणा ज्ञानाबरोबरच येतो. ते खोटं आहे असं दाखवणारं काही बाहेरून आलं, तरच शंका घ्यायची. याला म्हणतात स्वतःप्रामाण्य. नैयायिक म्हणतात, नाही. खरं ज्ञान आणि भ्रम हे आतून अगदी सारखेच भासतात. दोरीवर साप दिसतो तेव्हा तो ‘खोटा साप’ म्हणून दिसत नाही, सापच दिसतो. म्हणून खरेपणाही बाहेरून तपासावा लागतो. लांबवर पाणी दिसलं, तर जाऊन ओंजळ भरून पाहा. तहान भागली तर ते ज्ञान खरं. हे परतःप्रामाण्य.

‘माझा पाय ब्रेकवर आहे’ हे ज्ञान आपण स्वतःप्रामाण्यानं चालवतो. आपलाच पाय, त्याची खबर आपल्याला नसेल तर कुणाला? पण गाडी चालवताना आपण पायाकडे कधी बघत नाही. पाय कुठे आहे हे आपण बहुतेक वेळा जाणत नसतो, गृहीत धरत असतो. हजार वेळा ते गृहीत बरोबर निघतं आणि एकदा चुकतं. त्या एका वेळीही आतून सगळं तस्संच वाटतं.

शिफ्ट लॉक हे गृहीत मान्य करत नाही. ते म्हणतं, तुमचा पाय ब्रेकवर आहे असं तुम्हांला वाटतं, हे ठीक. पेडल हललं का, बटण बदललं का, तेवढं दाखवा. दांडा सोडतो. यात अपमान नाही आणि संशयही नाही. ते चालकाला खोटारडा म्हणत नाही, बेपर्वाही म्हणत नाही. प्रामाणिक माणसाचीही चूक होते, एवढंच ते धरून चालतं. ऑडीच्या वादात दोन्ही पक्षांना जी तिसरी शक्यता सुचली नव्हती, ती या बोटभर अडसरात बसवलेली आहे.

कायदा कसा वाढत गेला

अमेरिकेतल्या नियमांचा क्रम पाहिला, तर प्रत्येक पायरीमागे अशीच एखादी माणसाची सहज चूक दिसते. काही जुन्या अमेरिकन गाड्यांत रिव्हर्सचं घर अगदी टोकाला, पुढे जाण्याच्या ‘लो’ गिअरला लागून असे. पुढे जायचं म्हणून दांडा ओढावा आणि गाडी मागे जावी. राल्फ नेडर यांनी १९६५च्या आपल्या पुस्तकात या मांडणीवर टीका केली होती. १९६८पासून नियम आला की पुढचे आणि मागचे गिअर यांच्यामध्ये न्यूट्रल असलंच पाहिजे, आणि गिअरमध्ये असताना इंजिन सुरू होता कामा नये.

मग मुलांचा प्रश्न आला. उभ्या गाडीत मूल खेळतं, दांडा ओढतं, गाडी उतारावरून निघते. म्हणून सप्टेंबर १९९२पासून असा नियम लागू झाला की दांडा ‘पी’मध्ये अडकल्याशिवाय किल्ली निघू नये. पण किल्ली आतच राहिली तर? रेडिओ ऐकण्यापुरती अर्धी फिरवलेली असेल तर? ती पळवाट उरली होती. २८ फेब्रुवारी २००८ रोजी मंजूर झालेल्या कॅमेरन गुलब्रँसन कायद्यानं ती बुजवली. हा कायदा एका दोन वर्षांच्या मुलाच्या नावानं आहे. घरासमोर गाडी मागे घेताना त्याच्या वडिलांना तो दिसला नव्हता. त्या कायद्यात मागचं दिसण्याची सोय, काचेत अडकणारी मुलं आणि आपोआप सरकणाऱ्या गाड्या, अशा तिन्ही गोष्टी एकत्र घेतल्या. १ सप्टेंबर २०१०पासून तिथल्या ‘पी’ असलेल्या नव्या हलक्या ऑटोमॅटिक वाहनांत, किल्ली कोणत्याही घरात असो, ब्रेक दाबल्याशिवाय दांडा ‘पी’तून निघता कामा नये.

ब्रेकची अट मुलांसाठी किती नेमकी आहे पाहा. चार वर्षांच्या मुलाचा हात दांड्यापर्यंत पोचतो. पण त्याच वेळी त्याचा पाय ब्रेकपर्यंत पोचणं कठीण. एका अटीनं मुलाचा खेळ आणि मोठ्याची गफलत, दोन्ही अडवल्या.

कुलपाच्या मर्यादा

कुलूप दाराशी एकदाच विचारतं. एकदा दांडा ‘आर’मध्ये गेला की त्याचं काम संपलं. पुढे तुम्ही पाय उचललात आणि चुकीच्या पेडलवर ठेवलात, तर ते काही करू शकत नाही. आमचं नेमकं तेच झालं.

यंत्राचा खरा दोष असेल तिथेही त्याचा उपयोग नाही. २००९-१०मध्ये टोयोटाच्या गाड्यांबाबत असाच गदारोळ झाला, तेव्हा काही गाड्यांत पायपुसण्यात अडकून अॅक्सिलरेटर दबलेला राहत होता, काहींत पेडलच चिकटत होतं. म्हणून दर वेळी ‘चालकाचीच चूक’ म्हणून मोकळं होऊ नये. तपासल्याशिवाय बोलू नये, हा नियम दोन्ही बाजूंना लागू.

नव्या गाड्यांत तर दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तारच असते. दांडा किंवा गोल बटण म्हणजे नुसता अर्ज, निर्णय संगणकाचा. त्यातून वेगळीच फसगत होते. फियाट क्रायस्लरच्या काही गाड्यांत दांडा हलवला की परत मधल्या जागी यायचा. तो कुठल्या घरात आहे हे हाताला कळायचंच नाही. लोक ‘पी’ झालं असं समजून उतरायचे आणि गाडी निघायची. एप्रिल २०१६मध्ये कंपनीनं जगभरातून ११ लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी जूनमध्ये अँटन येल्चिन हा तरुण अभिनेता स्वतःच्या घरासमोरच्या उतारावर त्याच प्रकारच्या गाडीनं चिरडून गेला. पुढे त्या गाड्यांत अशी सोय केली की चालकानं दार उघडलं तर गाडी आपणहून ‘पी’मध्ये जाईल. इथेही तेच. ‘मी पार्क केलं आहे’ या खात्रीला बाहेरचा पुरावा जोडला.

श्रोत्यांचे प्रश्न

*ब्रेक दाबूनही दांडा ‘पी’तून निघत नसेल तर काय करावं?*

आधी किल्ली किंवा बटण पूर्ण चालू आहे ना ते पाहा. मग कुणालातरी मागे उभं करून ब्रेक दाबा. लाल दिवे लागत नसतील, तर संशय ब्रेकच्या बटणावर किंवा फ्यूजवर. अशी गाडी तशीच चालवू नका, कारण मागच्याला तुम्ही थांबताय हे कळणार नाही. दिवे लागतात, ‘टक्’ही होतं, तरी दांडा जड आहे आणि गाडी उतारावर आहे, तर कुलूप ठीक आहे. गाडीचं सगळं वजन आतल्या खिट्टीवर आलेलं आहे. अडचणीच्या वेळी कुलूप हातानं सोडवण्याची सोयही पुष्कळ गाड्यांत असते. दांड्याशेजारी एक छोटं झाकण असतं, ते काढून आत किल्लीचं टोक दाबायचं आणि दांडा ‘एन’वर न्यायचा. पण त्याआधी हँडब्रेक ओढलेला हवा आणि पाय ब्रेकवर हवा. नाहीतर ज्याच्यासाठी कुलूप आहे तेच व्हायचं. आपल्या गाडीची पुस्तिका एकदा वाचून ठेवा. आम्हीही भिंत पडल्यावरच वाचली.

*उतारावर गाडी लावायची योग्य रीत कोणती?*

ब्रेक दाबून गाडी थांबवा. दांडा ‘एन’मध्ये घ्या. हँडब्रेक ओढा. मग पायाचा ब्रेक हळूच सोडा, म्हणजे गाडीचं वजन हँडब्रेकवर बसेल. पुन्हा ब्रेक दाबून दांडा ‘पी’मध्ये. असं केलं की खिट्टीवर ताण येत नाही आणि निघताना दांडा झटका देत नाही.

*माझ्या गाडीत ‘पी’च नाही. ती ऑटोमॅटिक नाही का?*

ती बहुधा एएमटी असेल. आपल्याकडे लहान गाड्यांत ती फार आहे. तिच्यात गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, क्लच आणि गिअर यांची कामं फक्त यंत्र करतं. अशा अनेक गाड्यांत ‘पी’चं घर नसतं, त्यामुळे ती खिट्टीही नसते. तिथे हँडब्रेक हाच मुख्य आधार. पुस्तिकेत सांगितलं असेल तसा गिअरही ठेवायचा. घरात दोन प्रकारच्या गाड्या असतील तर जास्त जपा. एका गाडीची सवय दुसरीत दगा देते.

*पाय चुकू नये म्हणून तुम्ही स्वतः आता काय करता?*

तीन गोष्टी. गाडीत बसलो की इंजिन सुरू करण्याआधी पायानं दोन्ही पेडल चाचपून घेतो. ‘टक्’ ऐकल्याशिवाय दांड्याला जोर लावत नाही. आणि मागे घेताना टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकवून, ब्रेक अर्धवट सोडत गाडी सरकू देतो. पाय पूर्ण उचलतच नाही. सपाट पार्किंगमध्ये तेवढी गती पुरते.

*सर, रागावू नका, पण वयानंतर गाडी चालवणं थांबवावं, असं तुम्हांला वाटत नाही का?*

रागावण्यासारखं काही नाही. हाच प्रश्न कुणीतरी विचारावा असं वाटत होतं.

त्या दिवसानंतर आम्ही गॅरेजवाल्याकडे जाऊन माफी मागितली. वॉचमनला नवी खुर्ची आणून दिली. ती त्यानं आता भिंतीपासून चांगली लांब, जिन्याजवळ मांडली आहे, आणि आम्ही गाडीत बसताना दिसलो की तो उठून जिन्यात उभा राहतो. काही बोलत नाही. आम्हांला ते दिसतं.

आपण अजून नीट गाडी चालवतो, हेही ‘पाय ब्रेकवर आहे’ यासारखंच एक ज्ञान आहे. आतून ते नेहमी खरंच वाटतं. ज्या दिवशी ते खोटं होईल, त्या दिवशीही ते आतून खरंच वाटणार. म्हणून त्याचं प्रामाण्य आमच्याकडे ठेवण्यात अर्थ नाही. मुलीला आम्ही सांगून ठेवलं आहे, दर दोन-तीन महिन्यांनी एकदा आमच्या शेजारी बसत जा. आणि ‘बाबा, आता पुरे’ हे वाक्य तुझं. ते ऐकलं की आम्ही वाद घालायचा नाही, किल्ली द्यायची, असं ठरलं आहे.

अजून तिनं ते म्हटलेलं नाही. आज इथे येताना मात्र गाडी तिनंच चालवली.